मजल्यावरच्या चार घरांच्या चार भाषा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे शारजात राहते. आम्ही नुकतंच घर बदललं. नव्या मजल्यावर पाच घरं आहेत आणि आमचं सोडून बाकी चारही पाकिस्तानी कुटुंबांची. माणसं चांगली आहेत, मुलं एकत्र खेळतात. माझं हिंदी बरं आहे, त्यामुळे बोलायची अडचण येणार नाही असं वाटलं होतं. पण मुलतानच्या बाजींना मी बोलता बोलता "आप पंजाबी लोग" म्हटलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हम सरायकी हैं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. स्वातच्या घरातल्या आजी माझ्याकडे बघून नुसत्या हसतात, त्यांना हिंदी कळतच नाही. कराचीच्या खालांनी ईदला आम्हाला जेवायला बोलावलंय, पण आम्ही शाकाहारी. चौथं कुटुंब सिंधमधल्या मिठीचं, आणि ते हिंदू निघाले! त्या वहिनींनी मला अजरक, म्हणजे त्यांच्याकडची ठशांनी छापलेली शाल, भेट दिली. तुम्ही भारतात का आला नाहीत, असं त्यांना विचारावंसं वाटतं, पण धीर होत नाही. आई फोनवर म्हणते, "कामापुरतं बोल, फार घसट नको." नवरा म्हणतो, "पानिपतानंतर तिकडे राहिलेल्या मराठ्यांबद्दल विचार की त्यांना." मला या बायकांशी मनापासून ओळख करून घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू? उर्दू शिकले तर पुरेल का?

— शारजाहून एक वाचक

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे. उर्दू जरूर शिका. पण तुमच्या मजल्यावर ती फक्त एकाच घराची घरची भाषा आहे, कराचीच्या खालांच्या. उरलेल्या तिन्ही घरांत ती शाळेत, टीव्हीवर आणि बाजारात शिकलेली भाषा आहे. तुम्ही हिंदीत बोलता, त्या उर्दूत उत्तर देतात आणि काम भागतं. म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या दुसऱ्या भाषेत बोलत असतात.

देशभरातही हेच चित्र आहे. 2023 च्या जनगणनेत पाकिस्तानची लोकसंख्या 24 कोटींच्या वर गेली. त्यात उर्दू ही मातृभाषा सांगणारे साधारण 9 टक्के निघाले. पंजाबी सांगणारे 37 टक्क्यांच्या आसपास, पश्तो 18, सिंधी 14, सरायकी 12, बलोची 3. शिवाय हिंदको, ब्राहुई, खोवार, शिना, बाल्टी, बुरुशास्की अशा लहान भाषा आहेतच. ब्राहुई तर बलुचिस्तानात बोलली जाणारी द्राविडी भाषा आहे, कन्नड-तेलुगूच्या गोतातली. "पाकिस्तानी म्हणजे उर्दू बोलणारे" हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तुमची चूक ही एकट्या तुमची मानायचं कारण नाही.

उर्दू राष्ट्रभाषा झाली ती ती कुणा एका प्रांताची नव्हती म्हणूनही. पण हा निर्णय सगळ्यांना सुखाने पचला नाही. मार्च 1948 मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन राज्याची भाषा उर्दूच राहील असं सांगितलं. पूर्व पाकिस्तानातले बंगाली तेव्हा देशात संख्येने सगळ्यांत जास्त होते. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात बांगला भाषेसाठी निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. आपण जागतिक मातृभाषा दिन साजरा करतो तो याच तारखेला. पुढे 1971 पर्यंत जे घडत गेलं त्यात या जखमेचा मोठा वाटा होता. उरलेल्या पाकिस्तानातही भाषेचा प्रश्न पुसला गेला नाही. 1972 मध्ये सिंध विधानसभेने सिंधीला अधिकृत स्थान देणारा कायदा केला, तेव्हा उर्दूभाषकांच्या विरोधातून कराचीत दंगली उसळल्या. एवढं मागचं ठाऊक असलं की मुलतानच्या बाजींचा चेहरा का उतरला ते कळायला सोपं जाईल.

मुलतान नकाशावर पंजाब प्रांतात आहे. पण त्या दक्षिण भागाची भाषा सरायकी. पूर्वी तिला ठिकाणाप्रमाणे मुलतानी, रियासती, डेरावाली अशी वेगवेगळी नावं होती. 1960 च्या दशकात तिथल्या लेखक-कार्यकर्त्यांनी या सगळ्यांसाठी 'सरायकी' हे एक नाव धरलं, आणि 1981 पासून जनगणनेत ती पंजाबीहून वेगळी मोजली जाऊ लागली. लाहोरचे लोक आमच्या वाट्याचं पाणी, नोकऱ्या, निधी नेतात आणि वर आमच्या भाषेला पंजाबीची बोली म्हणतात, ही तिथली जुनी तक्रार. वेगळ्या सरायकी प्रांताची मागणीही त्यातूनच आली. गोव्यात एखाद्या कोंकणी लेखकाला "तुमची कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना" असं म्हणून बघा, म्हणजे बाजींना काय लागलं ते समजेल.

ईदची वाट बघत बसू नका, या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. लांबलचक माफी नको. "बाजी, उस दिन मुझे मालूम नहीं था, आप मुझे अपनी ज़बान के बारे में बताइए," एवढं पुरे. मग ऐकत बसा. सरायकीत ब, ज, ड, ग या वर्णांचे आणखी एकेक उच्चार आहेत. आपण 'ब' म्हणताना हवा बाहेर सोडतो, त्या ती किंचित आत ओढतात. ओठ मिटलेले, गळा जरासा खाली, आणि मग ओठ उघडताना एक गोल, भरीव आवाज येतो. सिंधीतही हेच वर्ण आहेत. उल्हासनगरच्या जुन्या सिंधी बायकांचं बोलणं कधी कानावरून गेलं असेल तर तो आवाज ओळखीचा वाटेल. बाजींना तो करून दाखवायला सांगा आणि तुम्हीही करून बघा. पहिल्या खेपेला जमत नाही, पण परकी बाई आपल्या भाषेतला सगळ्यांत अवघड आवाज काढायला धडपडते आहे हे बघितल्यावर राग टिकत नाही. बोलता बोलता ख्वाजा गुलाम फरीद यांचं नाव काढा. मिठनकोटचे हे सूफी कवी 1901 मध्ये वारले. रोही म्हणजे चोलिस्तानच्या वाळवंटावरच्या त्यांच्या काफ्या, म्हणजे सूफी गीतं, त्या भागात अजून घरोघरी गायल्या जातात. मुलतानचा सोहन हलवा बहुतेक तुमच्या हातावर ठेवतीलच. तो भरपूर तुपातला असतो आणि दाताला चिकटतो, लहान तुकडा घ्या.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या इतिहासाशीही जोडलेली आहे. पंजाबी ही पाकिस्तानात सगळ्यांत जास्त लोकांची भाषा. तरीही लाहोरमधल्या शाळांतून ती जवळजवळ नाही, आणि सुशिक्षित घरांत आईवडील आपसांत पंजाबी बोलतात आणि मुलांशी मात्र उर्दू. बुल्लेशाह आणि वारिस शाह या मोठ्या कवींची भाषा, पण मुलांना ती लिहिता येत नाही. सिंधमध्ये उलट आहे. तिथे शाळा सिंधीतून चालतात, वर्तमानपत्रं निघतात, वाहिन्या चालतात. असं का? इंग्रजांनी 1849 मध्ये पंजाब घेतला आणि तिथे खालच्या कचेऱ्या-शाळांसाठी उर्दू ठरवली. सिंध त्यांनी 1843 मध्ये घेतला आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. मुंबई इलाख्याचं धोरण देशी भाषांतून शिक्षण आणि कारभार असं होतं; मराठी, गुजराती, कानडीबरोबर सिंधीही त्यात आली. लिपी कुठली यावर अधिकाऱ्यांत वाद झाला. कॅप्टन स्टॅक यांचा कल देवनागरीकडे होता, रिचर्ड बर्टन यांचा अरबीकडे. अखेर 1853 मध्ये 52 अक्षरांची अरबी वळणाची सिंधी लिपी पक्की झाली. तिथे शाळा उभ्या करणाऱ्यांत नारायण जगन्नाथ वैद्य हे मुंबई इलाख्यातून गेलेले शिक्षणाधिकारी होते. कराचीतल्या जुन्या सरकारी शाळेला त्यांचं नाव आहे, आणि 'एनजेव्ही' म्हणून ती आजही त्याच नावाने ओळखली जाते. 1936 मध्ये सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराची आणि कोल्हापूरच्या आसपासचा ब्रिटिश मुलूख एकाच इलाख्यात होते. हे कराचीच्या खालांना आणि मिठीच्या वहिनींना दोघींनाही सांगण्याजोगं आहे.

आता स्वातच्या आजी. त्यांना उर्दू येत नाही यात काही नवल नाही. स्वात हे संस्थान होतं आणि 1969 मध्ये ते पाकिस्तानच्या कारभारात पूर्णपणे विलीन झालं. तोवर तिथला दरबारी कारभार पश्तोत चालत असे. आजींच्या लहानपणी घरात पश्तो, शेतावर पश्तो आणि सरकारदरबारीही पश्तोच. उर्दू शिकले ते शाळेत गेलेले, फौजेत किंवा कराचीत कामाला गेलेले पुरुष. म्हणून पठाण घरातल्या म्हाताऱ्या बायकांना उर्दू नसते आणि त्यांच्या मुलांना ती फर्डी येते.

आजींशी बोलायला सुनेला मध्ये घ्या. घरातली नातवंडं आजीला जी हाक मारतात तीच तुम्ही मारा. कुठे 'अदे' म्हणतात, कुठे 'अबै', घराघरात फरक असतो. भेटल्यावर "स्तड़े मा शे" म्हणा, म्हणजे थकू नका. कामावरून, प्रवासातून किंवा नुसतं जिना चढून आलेल्या माणसालाही पश्तोत असंच म्हणतात. आणि चहाला बोलावलं तर जा. हिरवा कहवा देतील, वेलदोडा घातलेला, लहान पेल्यात. पेला रिकामा झाला की पुन्हा भरतील. पख्तूनांच्या, म्हणजे पठाणांच्या, रीतीत पाहुणचार ही घराच्या इभ्रतीची बाब असते, घाईने उठून निघालात तर मन दुखावतं. दोनतीन पेले पिऊन मगच पुरे म्हणा.

या घरात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, नवऱ्याला बरोबर घेऊन सरळ आत जाऊ नका. पुरुषांची बैठक वेगळी असू शकते, आधी सुनेला विचारा. आणि कुणाही बाईचा फोटो काढून स्टेटसवर टाकू नका, अगदी मेंदी काढलेल्या हाताचाही, विचारल्याशिवाय नाही. दुसरी गोष्ट, स्वात म्हटल्याबरोबर मलाला आणि तालिबान हे विषय काढू नका. 2009 मध्ये लष्करी कारवाईच्या वेळी त्या खोऱ्यातल्या लाखो माणसांना घरं सोडून निघावं लागलं होतं. तुमच्या शेजाऱ्यांनी त्यात काय काय सोसलं असेल ते त्यांना वाटेल तेव्हा ते सांगतील. त्याऐवजी टप्प्यांबद्दल विचारा. टप्पा म्हणजे पश्तोतलं दोन ओळींचं लोकगीत, पहिली ओळ 9 अक्षरांची, दुसरी 13. बरेचसे टप्पे बाईच्या तोंडचे असतात आणि परदेशी कमवायला गेलेल्या नवऱ्यावर त्यात बरंच काही येतं. जात्यावरच्या ओव्या तुमच्या घरात कुणी म्हणत असेल तर तुम्हीही एक म्हणून दाखवा. आजींना शब्द कळणार नाहीत, पण बाई काय गाते आहे ते नक्की कळेल.

मिठीच्या वहिनींबद्दल मात्र मी जरा ठामपणे बोलणार आहे. तुम्ही भारतात का आला नाहीत, हा प्रश्न त्यांना कधीही विचारू नका. तुम्हाला ते कुतूहल वाटतं, त्यांना त्यातून ऐकू येतं की तुम्ही चुकीच्या ठिकाणी राहता. त्या लोकांचं घर पिढ्यान्पिढ्या थरच्या वाळवंटात आहे. फाळणीत हैदराबाद, कराची, शिकारपूर या शहरांतले हिंदू मोठ्या संख्येने निघाले आणि त्यातलेच कितीतरी आपल्याकडे उल्हासनगरला, मुंबई-पुण्याला आले. थरमधले हिंदू बहुतांशी तिथेच राहिले. पाकिस्तानातले बहुसंख्य हिंदू आज सिंधमध्येच आहेत, आणि उमरकोट जिल्ह्यात तर त्यांची संख्या निम्म्याहून जास्त आहे. अकबराचा जन्म 1542 मध्ये याच उमरकोटला झाला. मिठी हे शेजारच्या थरपारकर जिल्ह्याचं ठिकाण. तिथे हिंदू-मुसलमान एकमेकांच्या सणांना आणि मयतीला जातात, हे तिथले लोक अभिमानाने सांगतात. पाकिस्तानात हिंदूंना त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही. मुलींच्या जबरदस्तीच्या धर्मांतराच्या तक्रारी सिंधमधूनच येतात, आणि थरमधल्या मेघवाड, कोल्ही, भील समाजांची गरिबी फार मोठी आहे. पण हे त्यांनी बोलायचं, तुम्ही उकरून काढायचं नाही.

त्यांना विचारायचंच असेल तर नातेवाइकांबद्दल विचारा. थरमध्ये सिंधीबरोबर धाटकी बोलतात, ती मारवाडीच्या जवळची आहे, आणि वाळवंट सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच. उमरकोटकडचे सोढा राजपूत एका कुळात लग्न करत नाहीत म्हणून सोयरीक राजस्थान-गुजरातेत शोधतात. मुनाबाव-खोखरापार मार्गाने जाणारी थर एक्स्प्रेस 2006 मध्ये सुरू झाली तेव्हा किती घरांना माहेर परत मिळालं, आणि 2019 मध्ये ती बंद पडल्यापासून किती बायकांची माहेरं पुन्हा तुटली, ही गोष्ट त्या भागातली कुणीही बाई सांगेल. तुमच्या वहिनींचं कुणी बाडमेरला आहे का ते त्यांच्या तोंडून ऐका.

अजरक मिळाली हे मोठं झालं. सिंधमध्ये मान द्यायचा असला की अजरक खांद्यावर घालतात, पाहुण्याला, नवऱ्या मुलाला, गवयाला, मयतालासुद्धा. हाला, मटियारी, भिटशाहकडे ती अजून हाताने छापतात. आधी कापड धुऊन, तेल-खार मुरवून तयार करायचं, मग लाकडी ठशांनी डिंक-चुन्याचा लेप छापायचा म्हणजे तेवढ्या जागी रंग धरत नाही, मग मंजिष्ठाचा लाल आणि नीळ असे एकामागून एक रंग चढवायचे आणि मधूनमधून वाहत्या पाण्यात धुवायचं. उत्तम अजरक दोन्ही बाजूंनी छापलेली असते, म्हणजे कापड उलटवलं तरी नक्षी रेषेवर रेष जुळलेली दिसते. तुमची उलटवून बघा. कच्छमध्ये अजरखपूर आणि धमडकाचे खत्री कारागीरही हीच कला करतात, त्यांचे पूर्वज सिंधमधूनच आले. तुमची अजरक टेबलावर अंथरू नका, कपाटातही घडी घालून ठेवू नका. पुढच्या वेळी त्यांच्याकडे जाताना खांद्यावर घेऊन जा. परतभेट म्हणून खणाचं कापड किंवा हाताने शिवलेली लहान गोधडी द्या. सिंधमध्ये बायका तुकडे जोडून रल्ली शिवतात. गोधडी बघितली की त्या टाके मोजायला लागतील. कोल्हापुरी चप्पल देण्याचा मोह होईल, पण खांद्यावरच्या मानाला पायातली वस्तू परत देणं मला बरं वाटत नाही.

आणखी एक. त्यांना मारुईची गोष्ट सांगायला सांगा. उमरकोटच्या उमर राजाने थरच्या मारुईला पळवून महालात ठेवलं आणि तिने रेशीम नाकारून आपल्या माणसांचा, आपल्या घोंगडीचा ध्यास सोडला नाही. शाह अब्दुल लतीफ भिटाई (1689–1752) यांनी ती कथा काव्यात अमर केली. भिटशाहला त्यांच्या दर्ग्यात रोज रात्री फकीर त्यांचे बोल तंबोऱ्यासारख्या वाद्यावर उंच आवाजात गातात. सिंधी हिंदूही त्यांना आपलेच मानतात, उल्हासनगरचेसुद्धा.

ईदच्या जेवणाकडे येऊ. 'शाकाहारी' हा शब्द वापरू नका, तो तिकडे सगळ्यांना कळेलच असं नाही. सरळ सांगा, "खाला, हम गोश्त, मछली, अंडा कुछ नहीं खाते, सब्ज़ी-दाल खाते हैं." आणि हे चार दिवस आधी सांगा, दारात उभं राहून नको. यजमानीण लाजेने मरेल. दोन पदार्थ मात्र स्वतः विचारून घ्या. पुलाव बहुधा यखनीत शिजवतात, म्हणजे मटणाच्या पाण्यात, तुकडे काढून वाढला तरी तो तुम्हाला चालणार नाही. हलीममध्ये गहू-डाळी दिसतात पण मांस घोटून घातलेलं असतं. कढी-पकोडे, बघारे बैंगन, खट्टी दाल, आलू-पालक, रायता, हे सगळं त्यांच्याकडे उत्तम होतं. खरं तर ही रमज़ान ईद असेल तर सकाळचा दौर तुमच्यासाठी सगळ्यांत सोपा. शीर खुर्मा, शेवया, खजूर, चहा. आदल्या रात्री, चाँदरातीला, बायका मेंदी काढतात, बांगड्या भरतात. तेव्हाच जा, हिरव्या बांगड्यांचा एक डझन घेऊन जा, आणि मुलांसाठी ईदी म्हणून पाकिटात थोडे दिरहॅम ठेवा. त्यांच्याकडून भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत तिकडेही आहे.

खालांशी बोलताना 'आप' सोडू नका. आपल्या मराठी हिंदीत 'तुम' आणि 'तेरे को' सहज येतं. कराचीच्या उर्दूभाषक घरांत लहान पोरालाही 'आप' म्हणतात. त्यांना विचारा, त्यांचे वडीलधारे कुठून आले. 1947 नंतर उत्तर प्रदेश, बिहार, दिल्ली, भोपाळ, मुंबई आणि हैदराबाद संस्थानातून लाखो लोक कराचीला गेले, आणि त्या संस्थानात आपला मराठवाडा होता. कराचीतली हैदराबाद कॉलनी आजही लोणच्यांसाठी नावाजलेली आहे. शहरात कोकणी मुसलमानांची घरं आहेत, गोव्यातून गेलेल्या ख्रिस्ती लोकांची जुनी संस्था आहे, आणि थोडी मराठी हिंदू कुटुंबंही आहेत जी गणपती बसवतात. खालांच्या आजोळचं गाव तुमच्या ओळखीचं निघण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे.

नवऱ्याने काढलेला विषय खरा आहे, पण या मजल्यावर त्याचं उत्तर मिळणार नाही. बलुचिस्तानात डेरा बुगटीकडे बुगटी टोळीत मराठा म्हणवणारा एक समाज आहे; 1761 च्या पानिपतानंतर अब्दालीने नेलेल्या कैद्यांचे आपण वंशज, अशी परंपरा ते सांगतात. आज ते मुसलमान आहेत आणि बलोची बोलतात. मुलतान, स्वात, कराची आणि मिठीच्या बायकांना याची खबर असायचं कारण नाही, आणि ईदच्या जेवणात पानिपत काढायचं कारण तर मुळीच नाही.

आईच्या बोलण्याला मात्र मी हसणार नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला जे झालं आणि मे महिन्यात सीमेवर जे दिवस गेले, त्यानंतर कोल्हापुरात बसलेल्या आईला लेकीची काळजी वाटणारच. पहलगामच्या मृतांत महाराष्ट्रातलेही होते. तुम्ही तिच्याशी वाद घालू नका, तिला शेजारणींची नावं सांगा, स्वातच्या आजींची तिच्याशी व्हिडिओ कॉलवर गाठ घालून द्या, अर्थात आजींना विचारून. आणि तुमच्या बाजूने एक शिस्त पाळा. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सैन्य, काश्मीर, क्रिकेटमधली हार-जीत यावरचं काहीही पुढे ढकलू नका, आलेल्यालाही उत्तर देऊ नका. अमिरातीत असल्या मजकुराबद्दलचे कायदे कडक आहेत, आणि कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी त्या ग्रुपवर तुमच्या मुलांचे मित्र आहेत. कुणी समोर विषय काढलाच तर "इस पर हमारी बात नहीं बनेगी, चाय लीजिए" एवढं म्हणायला हरकत नाही. तुमचं मत तुमच्याजवळ राहू द्या, ते बदलायची कुणी अट घातलेली नाही.

उर्दूचं आता. बोली तुम्हाला जवळजवळ येतेच, खरं शिकायची आहे ती लिपी. उच्चारांत ख़, ग़, क़, फ़ यांच्यावर थोडी मेहनत घ्या. ज़ साठी आपल्या 'जरा'मधला ज चालून जातो. महागडे वर्ग लावायची गरज नाही. खालांच्या नातवाचं पहिलीचं उर्दूचं पुस्तक मागून घ्या आणि रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून अलिफ-बे गिरवा. मुलांना मोठ्या माणसाला शिकवायला फार आवडतं. ते संपलं की मिठीच्या वहिनींकडून सिंधीची 52 अक्षरं लिहून घ्या, आणि त्यातली हवा आत ओढायची चार अक्षरं मुलतानच्या बाजींकडून म्हणून घ्या.